टोचतंय? मग सोसू नकोस

अगं, तू कानाचं मशीन घेतलंस हे कळलं आणि मनापासून बरं वाटलं. पण लगेच एक प्रश्न मनात आला, तो तुला सरळच विचारते. मशीन कानात असतं, की कपाटात? कपाटात असेल तरी मी रागावणार नाही. माझ्याही दोन्ही कानांना मशीन आहे. सुरुवातीच्या दिवसांत ते का नकोसं होतं, ते मला चांगलं ठाऊक आहे. कुठेतरी टोचतं, मान वळवली की शिट्टी वाजते, घास चावताना सटकतं. आपण बायका यावर एकच उपाय करतो, गप्प राहून सोसतो. सोसवेनासं झालं की मशीन डबीत जातं आणि तिथेच राहतं.

म्हणून आज तुझ्याशी एवढ्याचविषयी बोलायचंय, मशीन कानात नीट कसं बसवायचं. मशीन घेताना कुणीतरी घाईघाईत दाखवतं, आपण मान डोलावतो आणि घरी आल्यावर बोटांना काही आठवत नाही. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. नीट बसलेलं मशीन दुखत नाही. दुखत असेल तर एक तर ते नीट बसलेलं नाही, नाहीतर तुझ्या कानाच्या मापाचं नाही. दोन्हींवर इलाज आहे. सोसणं हा इलाज नाही.

आधी कान आतून कसा असतो ते समजून घे, म्हणजे हात कुठे थांबवायचा ते कळेल. बाहेरच्या भोकापासून पडद्यापर्यंतची नळी मोठ्या माणसात साधारण अडीच सेंटिमीटर लांब असते आणि ती सरळ नसते, तिला हलकं वळण असतं. तिचा बाहेरचा सुमारे एक तृतीयांश भाग कूर्चेचा, म्हणून लवचीक. आतला भाग हाडाचा, आणि त्यावरची कातडी फार पातळ. त्यामुळे बाहेरच्या बाजूला थोडा दाब चालतो, पण आत काही टेकलं की कळ येते. जबडा हलला की नळीच्या बाहेरच्या भागाचा आकारही थोडा बदलतो. शिवाय व्हेगस नावाच्या मज्जातंतूची एक बारीक शाखा या नळीच्या कातडीत पोचलेली असते. काहींना कानात काही घालताना ठसका लागतो तो तिच्यामुळे. तुला तसं झालं तर घाबरू नकोस, क्षणभर थांब आणि पुन्हा हळू घाल.

थोडक्यात, वाकड्या नळीत मापाची वस्तू बसवायची आहे. तिथे जोर कामाचा नाही, वळवणं कामाचं. कासार बांगडी कशी भरतो ते आठव. तो हात दाबतो, बोटं जुळवतो, बांगडी थोडी फिरवत फिरवत पुढे सरकवतो. ढकलत नाही. मशीन बसवतानाही हाच हात हवा.

आता तयारी. मशीन बेसिनसमोर उभी राहून कधी घालू नकोस. हातातून निसटलं तर फरशीवर नाहीतर पाण्यात जाईल. पलंगावर बस, मांडीवर टॉवेल किंवा जाडशी ओढणी पसर, समोर आरसा ठेव आणि उजेड चेहऱ्यावर येऊ दे. हात धुऊन पूर्ण कोरडे कर. बोटांना तेल किंवा क्रीम असेल तर मोल्ड, म्हणजे कानात बसणारा तुकडा, निसटतो आणि मशीनच्या बारीक भोकांत चिकटा जातो. अंघोळ, केसांना तेल, पावडर, अत्तर, हेअर स्प्रे, कानातलं घालणं, हे सगळं आधी उरकून घे. मशीन त्यानंतर आणि चष्मा सगळ्यात शेवटी. शिकत असताना मशीन बंद ठेव, सेलचं असेल तर सेलचं दार उघडं ठेव. नाहीतर ते हातातच शिट्ट्या मारतं, आपण बावचळतो आणि घाई करतो.

कुठलं मशीन कुठल्या कानाचं, हे रंगावरून ओळख. लाल खूण उजव्या कानाची, निळी खूण डाव्या कानाची. जगभर हीच पद्धत आहे. खूण फार बारीक असते, कधी सेलच्या दाराच्या आत असते. दिसत नसेल तर ऑडिओलॉजिस्टकडून, म्हणजे कान तपासून मशीन बसवून देणाऱ्या तज्ज्ञाकडून, मोठा रंगीत ठिपका लावून घे. एका कानाचा मोल्ड दुसऱ्या कानात कधीच बसत नाही. तो बळेच घातला की पहिल्याच दिवशी कान सोलवटतो.

तुझं मशीन कानामागचं असेल आणि त्याच्या नळीला मोल्ड जोडलेला असेल, तर हे नीट वाच. मोल्ड म्हणजे तुझ्या कानाचं माप घेऊन बनवलेला तो पारदर्शक तुकडा. हातात घेऊन त्याचं आधी निरीक्षण कर. एक लांबट टोक आहे, ते कानाच्या भोकात जाणार. त्याच्या मागचा पसरट भाग भोकाभोवतीच्या खोलगट जागेत बसणार. बऱ्याच मोल्डना वर एक निमुळतं टोक असतं, ते कानाच्या वरच्या घडीखाली जाणार. या वरच्या टोकाकडे खास लक्ष दे. ते घडीखाली न जाता बाहेरच राहिलं, की दिवसभर कानाच्या वरच्या भागात टोचत राहतं आणि शिट्टीही वाजते. मशीन दुखतं म्हणणाऱ्या कितीतरी जणींचं मूळ कारण एवढंच असतं.

उजव्या कानापासून सुरू कर. मोल्ड उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि तर्जनीत धर, नळी वरच्या बाजूला येईल असा. डावा हात डोक्यावरून नेऊन उजव्या कानाचा वरचा भाग पकड आणि हलकेच वर आणि मागे ओढ. असं केलं की कानाची नळी जरा सरळ होते आणि वाट मोकळी होते. खांदा आखडलेला असेल आणि हात डोक्यावरून जात नसेल, तर मानेमागून ने. तेही जमलं नाही तर नुसतं तोंड उघड, त्यानंही थोडी जागा होते. आता मोल्ड किंचित चेहऱ्याच्या दिशेला फिरवून लांबट टोक भोकात सरकव आणि आत जाता जाता मोल्ड मागे फिरव. वरचं टोक बोटानं घडीखाली खोच. मग ओढलेला कान सोड आणि मोल्डवर एक बोट ठेवून हलकं दाब. शेवटी मशीन उचलून कानावरून मागे टाक. नळीला पीळ पडलेला नाही ना, ती दुमडली नाही ना, ते आरशात बघ.

बसलं की नाही हे बोटाला विचार. मोल्डच्या कडेवरून बोट फिरव, कुठेही कड वर आलेली लागता कामा नये. मग मशीन चालू कर. मान डावी-उजवीकडे वळव, खाली वाक, दोन वाक्यं मोठ्यानं बोल, जबडा हलवून बघ. एवढं करून काही सटकलं नाही, टोचलं नाही, शिट्टी आली नाही, तर मोल्ड जागेवर आहे.

नवा मोल्ड घट्ट वाटतो, तो सरकावा म्हणून खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावण्याचा मोह होईल. लावू नकोस. तेल मोल्डच्या भोकात आणि नळीत शिरतं, आवाजाची वाट अडते, आणि तेलकट मोल्ड कानात टिकतही नाही. ऑडिओलॉजिस्टकडे पाण्याच्या आधाराची खास जेली मिळते. तिचा एक बारीक थेंब मोल्डच्या बाहेरून लाव, भोकावर नको.

तुझं मशीन बारीक वायरचं आणि टोकाला रबरी टोपीचं असेल, तर काम सोपं आहे. त्या टोपीला डोम म्हणतात. आधी मशीन कानामागे अडकव. मग वायरचं वळण अंगठ्यात आणि तर्जनीत धरून डोम भोकात घाल, आणि वायर कानापुढच्या कातडीला सपाट टेकेपर्यंत हळूच आत ने. आरशात बघताना वायर बाहेर कमानीसारखी उभी दिसली, तर डोम पुरता आत गेलेला नाही, नाहीतर वायरची लांबी तुला चुकीची दिली आहे. डोमला बारीक शेपटी जोडलेली असेल तर ती कानाच्या खोलगट भागात वळवून ठेव. तिच्यामुळे डोम बाहेर सरकत नाही. डोम लहान-मोठ्या मापांत येतात. फार मोठा खाजतो आणि दुखतो, फार लहान सारखा बाहेर येतो. पहिल्या भेटीत दिलेलं माप कायमचं आहे असं समजू नकोस, बदलून मागायला अजिबात लाजू नकोस. आणि एक सवय आत्ताच लाव. मशीन काढलं की प्रत्येक वेळी डोम वायरच्या टोकाला आहे ना, ते बघ. कधी तो सुटून कानातच राहतो. तसं झालं तर चिमटा, पिन काही घालू नकोस, थेट कानाच्या डॉक्टरांकडे जा. डोमशिवाय नुसती वायर तर कानात कधीच घालू नकोस.

पूर्ण कानाच्या आत बसणारी छोटी मशीनं दिसत नाहीत म्हणून सगळ्यांना हवीशी वाटतात. तुझी बोटं आखडत असतील, संधिवात असेल किंवा जवळचं नीट दिसत नसेल, तर माझा सल्ला ऐक, त्यांच्या मोहात पडू नकोस. रोज सकाळी-रात्री ती इवलीशी वस्तू तुलाच हाताळायची आहे. जरा मोठं, हाताला लागणारं मशीन तू रोज घालशील, आणि रोज घातलं जातं तेच मशीन खरं.

काढतानाही घाई नको. मोल्डचं मशीन असेल तर आधी कानामागून मशीन उचल, मग मोल्ड पकड, वरचं टोक घडीतून सोडव, पुढे फिरव आणि काढ. नळीला धरून खेचू नकोस, ती मोल्डमधून निघून येते. डोमचं असेल तर कानाच्या अगदी जवळ वायर धरून हळू बाहेर घे. आतल्या मशीनला काढण्यासाठी बारीक नायलॉनचा दोरा असतो, तो धर.

आता शिट्टीविषयी. मशीनमधला मोठा झालेला आवाज कानातून बाहेर गळतो आणि पुन्हा मशीनच्या माइकमध्ये शिरतो, तेव्हा ती कुई वाजते. म्हणजे कुठेतरी फट आहे. आधी मशीन काढून पुन्हा नीट बसव, बहुतेक वेळा तेवढ्यानं थांबते. डोक्यावर पदर, स्कार्फ, शाल घेतलीस किंवा कुणी गळ्यात पडलं की क्षणभर वाजते, ते स्वाभाविक आहे. नीट बसवूनही वाजत राहिली, तर कानात मळ असेल, मोल्ड सैल झाला असेल किंवा नळी कडक होऊन चिरली असेल. वजन बरंच उतरलं तरी मोल्ड सैल होतो. मोल्डची नळी वापरानं पिवळी आणि ताठ होते, ती काही महिन्यांनी बदलावी लागते. शिट्टी नको म्हणून आवाज कमी करून दिवस काढू नकोस. मग मशीन असून नसल्यासारखं.

स्वतःचा आवाज घुमतो, ही दुसरी तक्रार. कान बंद झाला की बोलताना हाडांतून आत आलेला आवाज बाहेर पडू शकत नाही, म्हणून तो घागरीतल्यासारखा ऐकू येतो. त्यासाठी मोल्डमध्ये आरपार एक बारीक भोक ठेवतात. ते मळानं बुजलं तरी घुमतं, मोल्ड अर्धवट बसला तरी घुमतं. हे दोन्ही तपास. तरी घुमत असेल तर ऑडिओलॉजिस्टला सांग. भोक मोठं करता येतं, मशीनचं सेटिंग बदलता येतं. आणि कुकरची शिट्टी, भांड्यांचा खणखणाट, नळाचं पाणी पहिल्यांदा अंगावर आल्यासारखे वाटतील. हे आवाज तुझ्या मेंदूला बरेच दिवस नीट पोचलेले नसतात, त्याला पुन्हा सवय व्हायला काही आठवडे लागतात. शांत घरात, एका माणसाशी बोलण्यापासून सुरुवात कर आणि लग्नाच्या हॉलमध्ये नंतर जा.

सगळ्यात महत्त्वाचं आता सांगते. जाणवणं वेगळं आणि दुखणं वेगळं. पहिल्या दिवसांत कानात काहीतरी आहे हे सारखं जाणवेल, ते हळूहळू विसरायला होतं. पण एकाच जागी टोचणं, लाल होणं, हात लावला की हुळहुळणं, हे विसरायला होत नाही, ते वाढतं. असं झालं की कानाला थोडी विश्रांती दे आणि ऑडिओलॉजिस्टची वेळ घे. तिथे जाण्याआधी दोन-तीन तास मशीन घालून जा, म्हणजे लाल झालेली नेमकी जागा त्यांना दिसेल आणि मोल्ड तिथेच घासून देता येईल. कडक अॅक्रिलिकचा मोल्ड सहज घासता येतो. मऊ सिलिकॉनचा घासणं अवघड, तो कधी नव्यानंच माप घेऊन करावा लागतो. घरी कानस, ब्लेड, सुरी काही चालवू नकोस. कातडी फाटली असेल, रक्त किंवा पाणी येत असेल, वास येत असेल, तर मशीन लगेच बंद आणि आधी कानाचे डॉक्टर. मधुमेह असेल तर अजिबात वाट बघू नकोस, साखर असलेल्यांचं कानाचं दुखणं फार चिघळू शकतं.

मळाचंही तसंच. कान मळ आपणहून बाहेर ढकलत असतो, पण मशीन लावणाऱ्यांच्या कानात त्याची वाट अडते. म्हणून अधूनमधून डॉक्टरांकडून कान तपासून घे. हेअरपिन, काडी, बड, गरम तेल हे सगळं बंद. मोल्ड आणि डोम रोज रात्री कोरड्या मऊ फडक्यानं पुसायचे. मोल्ड धुवायचा असेल तर मशीनपासून सोडवूनच, आणि नळी पूर्ण वाळल्यावरच पुन्हा जोडायचा. मशीनला पाणी लागता कामा नये. रात्री सेलचं दार उघडं ठेव आणि मशीन सिलिका जेलच्या डबीत ठेव. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात तर हे चुकवू नकोस. सेल नवा असेल तर स्टिकर काढून दोन-चार मिनिटं हवेत राहू दे. हे झिंकचे सेल हवेवर चालतात, ती आत शिरायला वेळ लागतो. सेल लहान मुलांच्या हाती लागू देऊ नकोस. गिळला गेला तर क्षणाचाही विलंब न करता दवाखाना.

घरात आईंना किंवा सासूबाईंना तू मशीन घालून देत असशील, तर आधी समोर येऊन खुणेनं सांग, मग हात लाव. त्यांना तू मागून आलेली ऐकू येत नाही, त्या दचकतात. कान वर-मागे ओढणं, फिरवत घालणं, वरचं टोक खोचणं, सगळं तेच. घातल्यावर कानाशी ओरडू नकोस, समोर बसून नेहमीच्या आवाजात बोल. शक्य तितकं त्यांच्याच हातानं करू दे. स्वतःच्या बोटांनी जमलं की त्यांना मशीन आपलं वाटू लागतं.

पैशांची अडचण असेल तर तीही मोकळेपणानं बोल. केंद्र सरकारची अॅडिप योजना दिव्यांगांना श्रवणयंत्रं देते. राज्यात 2024 पासून मुख्यमंत्री वयोश्री योजनेत 65 वर्षं पूर्ण झालेल्या, कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांना अशा साधनांसाठी 3000 रुपये मिळतात. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था 1983 पासून ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींसाठी आहे. तिथे कान तपासण्यापासून मोल्डपर्यंतची कामं होतात.

तर आता असं कर. आज दुपारी घरचं आवरून झालं की पलंगावर बस आणि मशीन बंद ठेवून घालण्या-काढण्याचा सराव कर, बोटांना वाट पाठ होईपर्यंत. पुढच्या वेळी ऑडिओलॉजिस्टकडे गेलीस की त्यांच्यासमोर स्वतःच्या हातानं घालून दाखव, नुसती मान डोलावून परत येऊ नकोस. आणि नीट बसवूनही टोचत असेल तर उद्याच्या उद्या जा आणि मोल्ड बदलून माग. मशीनचे पैसे दिलेस त्यात ते तुझ्या कानाला नीट बसवून देण्याचं कामही आलं. ते करून घेतल्याशिवाय उठू नकोस.